बावीस हजारांचं कॉफी मशीन

७८६
पनवेल,
४ एप्रिल २०२५

ती. वहाबभाईजान यांस,
धाकट्या सफूराचा बाद सलाम वि. वि.

ईद मुबारक. तुमच्या कानातलं यंत्र फोनवर शिट्ट्या मारतं आणि माझं अर्धं बोलणं म्हसळ्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून आपला कागदच बरा. शिवाय जे सांगायचंय ते फोनवर ओरडून सांगितलं तर आमची अख्खी आळी ऐकेल.

भाईजान, माझ्या हातून रिदाच्या अब्बांचं कॉफीचं मशीन मेलं. गेल्या वर्षी ते दोह्याहून कायमचे परत आले तेव्हा सोनं आणलं नाही, ब्लँकेट आणलं नाही, ते मशीन तेवढं रजईत गुंडाळून आणलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मागच्या टाकीत पाणी घालायचं, दांड्याच्या वाटीत कॉफीची भुकटी दाबून भरायची, की खालच्या कपात चमचाभर काळं कडूजहर पडतं. मी कधी त्याला हात लावला नव्हता. पण ईदच्या दुसऱ्या दिवशी, बाशी ईदला अकरा माणसं एकदम आली आणि हे गेले होते शिरढोणला दोस्ताकडे. मी म्हटलं, आधी पाणी, मग वरून दूध, एवढे उपद्व्याप कशाला? केशर-वेलचीचं साखर घातलेलं दूध तयार होतं, ते सरळ टाकीतच ओतलं आणि बटण दाबलं. आधी ते खोकलं, मग गुरगुरलं, मग जळक्या दुधाचा वास घरभर झाला आणि संपलं. पाहुणे पोट धरून हसले, मीही हसले.

दुसऱ्या दिवशी मिक्सर दुरुस्त करणाऱ्या दिनानाथला बोलावलं. त्यानं पाठ उघडून दाखवली आणि म्हणाला की चाची, आत खरवस झालाय. पंप गेला, नळ्या तुंबल्या, आणि सुटे भाग इथे मिळत नाहीत. दुरुस्तीपेक्षा नवीन घ्या म्हणाला.

पण मी हादरले ती ह्यांच्याकडे बघून. मला वाटलं ओरडतील. ते ओट्याजवळ फरशीवर बसले आणि रडले. अठ्ठावीस वर्षं झाली आमच्या निकाहाला, त्यांच्या अम्मी गेल्या तेव्हा चौथ्या दिवशी पोचले, तेव्हाही मी या माणसाच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. एका डब्यासाठी रडले. मी सरळ आत जाऊन कपडे घड्या करत बसले.

आणि काल त्याहून मोठा धक्का. ते एजंटाकडे जाऊन पासपोर्ट देऊन आले. पुन्हा दोहा, एका वर्षाचा व्हिसा, महिनाअखेर कागद येतील म्हणे. अठ्ठावन्नाव्या वर्षी! मी विचारलं, का? तर म्हणाले की इथे माझं काही काम नाही. खरं सांगते, थोडी चूक माझीही आहे. पहाटे फजरच्याही आधी उठून ते खांद्यावर फडका टाकून ओट्याशी उभे राहायचे. माझ्या स्वयंपाकघरात पुरुषमाणूस सारखा मध्ये, मी वैतागायची. तुम्ही कार्गो ऑफिसातले साहेब, बाहेर जाऊन पेपर वाचा, असं दहादा म्हटलं असेल. चोवीस-पंचवीस वर्षं एकटीनं घर चालवल्यावर दुसऱ्या माणसाची सवय लागायलाही वेळ लागतो हो. पण सवय लागत आली होती. आता ते पुन्हा गेले तर मला सहन होणार नाही, हे मी तुम्हालाच लिहू शकते.

म्हणून कागद येण्याआधी नवीन मशीन आणायचं ठरवलंय. माझ्याकडे भिशीचे बावीस हजार आहेत, वर एक रुपया नाही. रिदानं फोनवर शोधून काढलं. सहा-सात हजारांची मशीन आहेत, पण दिनानाथ म्हणतो ती खेळणी, नुसती वाफ मारतात. एक पुड्या घालायचं आहे, मशीन स्वस्त आणि त्याच्या पुड्या जन्मभर महाग. एक सगळं आपोआप करणारं आहे: दाणे दळतं, कॉफी पाडतं, दूध फेसाळतं, शेवटी स्वतःला धुतंही. ते चाळिसाच्या वर आहे, पण खोका फाटलेलं एक एकवीसला मिळतंय. ह्यांना बोटसुद्धा हलवायला नको. मला तेच पसंत आहे. तुम्हीही दोह्याच्या एअरपोर्टवर इतकी वर्षं काढलीत, असली मशीन पाहिली असतील, म्हणून विचारते. लवकर कळवा.

भाभीजानना सलाम. तुमची दुआ माझ्यावर आजवर होती तशीच राहू द्या.

आपली,
सफूरा

*

७८६
म्हसळा,
९ एप्रिल २०२५

चि. सफूरा हिस,
वहाबच्या अनेक दुआ.

तुझं पत्र वाचून आधी हसलो. टाकीत दूध! लहानपणी तू अब्बांच्या रेडिओत तेल घातलं होतंस, तीच तू. पण पासपोर्टचं वाचलं आणि हसू जिरलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. भाभी विचारत राहिली, तिला पोट बिघडलंय असं सांगितलं.

ते आपोआपवालं मशीन घेऊ नकोस. फुकट मिळालं तरी घेऊ नकोस. ज्यात दांडा आहे, भुकटी हातानं भरावी लागते, वाफेच्या नळीखाली भांडं हातात धरून दूध तापवावं लागतं, असंच घे. जुनं, वापरलेलं मिळालं तरी चालेल. शहजादला कॉफी प्यायची नसते गं. त्याला ती करायची असते.

का, ते आता सांगावंच लागेल. मी त्याला शब्द दिला होता, तो आज मोडतोय, अल्लाह माफ करो. शहजाद कार्गो ऑफिसात दीडच वर्ष होता. सन दोन हजारात ती कंपनी गुंडाळली. तेव्हा एअरपोर्टवर कॉफीचं एक दुकान होतं, तिथे त्याला मी लावून दिलं. तेव्हापासून गेल्या वर्षी परत येईपर्यंत तो त्या काउंटरमागे उभा होता. कॉफी करायचा, कपबश्या धुवायचा, फडका मारायचा. तुला येणारा एकूण एक रुपया त्या कपांतून आला. ते मशीन म्हणजे त्याच्या निरोपाला दुकानातल्या पोरांनी वर्गणी काढून दिलेली भेट होती.

तुला सांगितलं का नाही म्हणशील. तुझ्या निकाहाच्या आदल्या वर्षी उरणहून एक स्थळ आलं होतं, मुलगा शारजात हॉटेलात कामाला होता. तू सगळ्यांसमोर म्हणालीस की कपबश्या विसळणाऱ्याशी निकाह लावण्यापेक्षा मला विहिरीत ढकला. आम्ही किती हसलो होतो. हा किस्सा मीच शहजादला एकदा गंमत म्हणून सांगितला. त्याची नोकरी गेली, हे काम मिळालं, तेव्हा पहिली गोष्ट त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतली ती हीच, की सफूराला कळता कामा नये.

रागावू नकोस. भाभी तुला सलाम सांगते आणि तिच्या हातचे फेणी पापड एसटीतून पाठवतेय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
वहाबभाई

*

पनवेल,
१२ एप्रिल

वहाबभाईजान,

तुमचं पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं, तरी विश्वास बसेना.

तुम्हाला माहीत होतं. पंचवीस वर्षं. तुम्ही दर सुट्टीत माझ्या घरी जेवलात, माझ्या हातची सांदणं वाखाणलीत, आणि मी समोर बसून शेजारणींना साहेबांच्या कार्गो ऑफिसाचं सांगत असताना तुम्ही शांतपणे कालवण वाढून घेत होतात. रिदाच्या शाळेच्या फॉर्मवर मी दरवर्षी माझ्या हातानं लिहिलं, वडील ऑफिसर. लोकांच्यात मी किती मिरवले!

त्यांचा राग जास्त की तुमचा, की माझा स्वतःचा, मला ठरवता येत नाही. ते विहिरीचं बोलणं मला आठवतसुद्धा नव्हतं. तोंडातून गेलेला एक शब्द, आणि त्या माणसानं तो पंचवीस वर्षं उशाखाली ठेवला. रोज रात्री फोनवर मी विचारायची, ऑफिसात काम फार होतं का? ते म्हणायचे की हो, आज फार उभं राहावं लागलं. ऑफिसात कोण उभं राहतं, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही.

रिदाला सांगितलं. ती म्हणाली की तिच्या खारघरच्या ऑफिसखाली हे काम करणाऱ्या मुलांना लोक नावानिशी ओळखतात, यात लपवण्यासारखं काय होतं? मी म्हटलं, तुझ्या वेळेला नसेल, आमच्या वेळेला होतं. ती उठून निघून गेली.

त्यांना अजून काही बोलले नाही. पापड पोचले.

सफूरा

*

७८६
म्हसळा,
१६ एप्रिल २०२५

चि. सफूरा हिस,
अनेक दुआ.

तुझ्या पत्रावर सलाम नव्हता, ७८६ नव्हतं. मला ते लागलं, पण मी त्याच लायकीचा आहे. माफ कर.

एक ऐक. त्याला कळू देऊ नकोस की तुला कळलंय. मशीन आण, ओट्यावर ठेव, आणि त्याला स्वयंपाकघरात उभं राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुरुषानं इतकी वर्षं एक खोटं जपलेलं असतं ना, ते उघडं पडलं तर त्याला तुझ्यासमोर मान वर करता येणार नाही आणि मग तो नक्की जाईल. मी वयानं मोठा आहे, माझं एवढं मान.

कळव. वाट पाहतो.

तुझा,
वहाबभाई

*

७८६
पनवेल,
२९ एप्रिल २०२५

ती. वहाबभाईजान यांस,
धाकट्या बहिणीचा बाद सलाम वि. वि.

सलाम घातलाय, बघून घ्या. राग गेला असं नाही, पण कमी झाला. आणि तुमचं मी ऐकलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

रिदाला खारघरला, ओवे गावाच्या बाजूला, एक बंद पडलेलं कॅफे सापडलं. मालक मितेश नावाचा तरुण, सगळं विकायला काढलेलं: खुर्च्या, काचेचं कपाट, आणि एका दांड्याचं जुनं मशीन. तीस हजार सांगत होता. मी ह्यांना म्हटलं, तुमचं मशीन माझ्यामुळे गेलं, दुसरं बघून तर घ्या. नको नको म्हणत आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले, ऑफिसरसारखे.

मितेश म्हणाला की हे चालवायला हात लागतो, काम जाणणारा माणूस टिकला नाही म्हणून दुकानही टिकलं नाही. ह्यांनी करून बघावं असं त्यानं सुचवलं. आणि भाईजान, मी काय पाहिलं ते ऐका. रिदाच्या अब्बांनी आपल्याला यातलं काही येत नसल्याचं सोंग केलं. दांडा उलटा धरला. भुकटी अर्धी बाहेर सांडली. मितेशला विचारलं की हे पाणी कुठून येतं? पोटच्या पोराला न ओळखणाऱ्या बापासारखे उभे होते. माझ्यासमोर. माझ्यासाठी.

मला ते बघवेना. मी सगळ्यांच्या देखत म्हणाले की चोवीस वर्षं हेच काम केलेला माणूस दांडा असा धरत नाही.

त्यांचा हात तसाच हवेत. मला वाटलं आता हा माणूस दारातून निघून जाणार, आणि भाईजानचं बरोबर होतं. रिदानं माझा दंड घट्ट धरला होता. मग त्यांनी बाह्या वर केल्या, मितेशकडे फडका मागितला आणि खांद्यावर टाकला. दांडा ठोकून रिकामा केला, पुसला. दाणे दळून भुकटी बोटांत चोळून पाहिली. पहिली कॉफी केली, ओतून दिली. दळण थोडं बारीक केलं, दुसरी केली, तीही ओतली. फर्निचर न्यायला आलेला टेम्पोवालाही खुर्ची खाली ठेवून बघत राहिला. असे चपळ, असे तोऱ्यात ते मला कधी दिसले नव्हते. ह्या माणसाशी माझी ओळखच नव्हती, भाईजान.

तिसरी कॉफी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. बशी पुसून, कपाचा कान माझ्या उजव्या हाताकडे करून, बाजूला पाण्याचा पेला. आणि हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "सफूरा, ही कपबशी पण मीच विसळलीय."

मी ती कॉफी प्याले. मला अजिबात आवडली नाही, जीभ सोलल्यासारखी झाली. तरी तळापर्यंत प्याले, आणि दुसरी द्या म्हटलं.

मशीन बावीसलाच मिळालं. आतलं रबर झिजलंय, बदलावं लागेल, हे ह्यांनी आपणहून दाखवलं तेव्हा मितेशनं दोन हजार सोडले, बाकीचे त्यानं कशासाठी सोडले ते त्याचं त्याला ठाऊक. आता ते ओट्यावर निम्मी जागा अडवून बसलंय आणि माझा पोळपाट खिडकीत गेलाय. तिसऱ्या दिवशी ते एजंटाकडे जाऊन पासपोर्ट परत घेऊन आले. कपाटात ठेवा म्हटलं तर म्हणाले की तूच ठेव.

काल आळीतल्या बायका आल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं मुद्दामच विचारलं की साहेब हे कुठे शिकले? मी सांगितलं, दोह्याला शिकले, हेच काम होतं त्यांचं, आणि मी इतकी वर्षं तुम्हाला थापा मारल्या. कप मात्र कुणी खाली ठेवला नाही.

मग मी ह्यांना तुमच्याबद्दल विचारलं. म्हटलं, आता एकदाच काय ते सगळं सांगा, भाईजान तिथे नक्की काय करायचे? ते म्हणाले की वहाबभाई मोठ्या हुद्द्यावर होते, त्यांनी शब्द टाकला म्हणून तर मला काउंटरवर घेतलं. ऐकून बरं वाटलं. आपल्यात एक तरी माणूस जसा सांगितला तसा निघाला.

भाभीजानना घेऊन या. कॉफी पाजू. तुमचा हात डोक्यावर असू द्या, एवढंच मागणं.

आपली,
सफूरा

*

७८६
म्हसळा,
६ मे २०२५

चि. सफूरा हिस,
वहाबच्या अनेक दुआ.

अक्षर भाभीचं आहे, घाबरू नकोस. शुक्रवारी माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी आहे, आठ दिवस लिहिणं-वाचणं बंद. तुझं पत्र तिनंच मला मोठ्यानं वाचून दाखवलं. आता मी सांगतोय आणि ती लिहितेय.

शहजाद थांबला, अल्लाहचे आभार. तू माझं ऐकलं नाहीस ते बरं केलंस.

पण पत्राचा शेवट भाभीनं वाचला तेव्हापासून मला चैन नाही. मी शहजादला दिलेला शब्द मोडला. त्यानं मला दिलेला शब्द आजही मोडलेला नाही. स्वतः सगळ्यांसमोर उघडा पडून झाल्यावर, तू तोंडावर विचारल्यावरही त्यानं मला झाकलं. आता मी गप्प राहिलो तर माझ्यासारखा हलका माणूस मीच.

मी मोठ्या हुद्द्यावर नव्हतो. एअरपोर्टवर ड्यूटी आहे असं मी सांगायचो आणि तुम्ही सगळे पुढचं आपापलं समजून घ्यायचात. शहजादच्या काउंटरच्या मागच्या बाजूला संडास होते. ते आणि त्या मजल्यावरचे बाकीचे, एकवीस वर्षं मी धुतले. त्याला काम लागलं ते माझ्या वजनानं नाही. तिथला मॅनेजर रोज माझ्याशी सलाम-दुआ करायचा, त्याच्या मी पाया पडलो होतो. आम्हा सफाईवाल्यांना काउंटरशी उभं राहायची परवानगी नव्हती. म्हणून शहजाद रोज माझ्यासाठी एक कप मागच्या जिन्याच्या कठड्यावर ठेवायचा, वर बशी झाकून. मी परत येईपर्यंत, पंधरा वर्षांत एक दिवस चुकला नाही.

हे मी मैमुनालाही कधी सांगितलं नव्हतं. ती आत्ता लिहितेय.

*

सफूरा, इथून पुढे मी, मैमुना.

वरच्या त्या संडासाच्या दोन ओळी नीट कळल्या नाहीत असं सांगून मी त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतल्या. दुसऱ्या वेळीही तेच म्हणाले. पट्टी होती म्हणून बोलू शकले, माझ्याकडे बघून कधी बोलले नसते. मी पेन खाली ठेवलं. ते विचारत राहिले, लिहिलंस का? मी म्हटलं, लिहिलं.

एकोणचाळीस वर्षांचा संसार आमचा. ते परत आल्यापासून दहा वर्षं घरातला संडास त्यांनीच धुतला, मला कधी ब्रशला हात लावू दिला नाही. मी बायकांत मिरवायची, आमच्या ह्यांच्यासारखा नवरा मिळायला नशीब लागतं. ते ऐकून ते नेहमी उठून बाहेर जायचे.

पत्र पोस्टात टाकायचं की नाही, ते त्यांनी माझ्यावर सोडलंय. मी आत्ता उठून संडास धुऊन आले. हात धुतले आणि मग पाकीट चिकटवलं.

आम्हा दोघांवर आहे ती माया कमी करू नकोस.

तुझी,
मैमुनाभाभी